चुलीवरून न उतरणारा चहा

चहा चाखायचा असतो, प्यायचा नसतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कांतीसेठच्या दुकानात कामाला लागलो त्या पहिल्या सोमवारी टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग मांडलेली होती. प्रत्येक वाटीत वेगळ्या पेटीतला चहा. सेठ एकेक चमचा फुर्रकन तोंडात ओढायचे, गालात खेळवायचे आणि बाजूच्या पितळी पिकदाणीत थुंकून टाकायचे. मग मला म्हणाले, "चल, अब तू." कोणी दिलेलं टाकायचं नाही, हे मी घरून शिकून आलो होतो. मी पहिली वाटी उचलली आणि संपवली. मग दुसरी संपवली. चौथ्या वाटीला सेठनी माझा हात धरला.

"अरे कॉलेज, मेहमान आया है क्या? थुंक ना!"

थुंकणं काही जमलं नाही. त्या रात्री छाती धडधडत होती आणि झोप येत नव्हती, म्हणून हिशेबशास्त्राचा एक अख्खा धडा वाचून काढला. तो धडा मला अजून पाठ आहे.

आमच्या मराठीच्या सरांनी या दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. असं लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात. माझी अजून बी.कॉम.ची शेवटची परीक्षा व्हायची आहे. पण चंद्रपूरला शिकायला आलो तेव्हापासून मी सकाळी कॉलेज आणि दुपारी चहाचं दुकान असं करत आलो आहे, आणि सुट्ट्यांत गडचिरोलीकडच्या बाजारांना माल घेऊन जातो. हिशेबशास्त्रापेक्षा चहाबद्दल मी जरा जास्त खात्रीने बोलू शकतो, म्हणून लिहितो. चुकलं तर सरांनी सुधारून घ्यावं.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा लहान होते तेव्हा गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात असायची, आणि पिऊन झाल्यावर ती आपणच धुऊन ठेवायची. मी घरी जाऊन चाखायच्या वाट्यांचं सांगितलं तेव्हा बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

"आमाले पिऊन कप धुवा लागे," ते म्हणाले, "अन् तू शेठच्या टेबलावर बसून थुकून राह्यला? अन् त्याचे पैसे बी भेटते?"

आईला मात्र ते पटलं नाही. "चांगला चाय थुकाचा काऊन?" एवढंच ती म्हणाली.

आता धंदा थोडक्यात सांगतो. चहा कलकत्त्याहून लाकडी पेट्यांत येतो. पेटीला आतून चंदेरी पत्रा असतो, कारण चहा शेजारच्या कशाचाही वास ओढून घेतो. एकदा आमची एक पेटी ट्रकमध्ये लसणाशेजारी बसून आली, ती खपवायला सेठना फार गोड बोलावं लागलं. मालाचे मोठे प्रकार तीन. पानं वळून वाळवलेली ती पत्ती. यंत्रात पान चिरडून, फाडून त्याच्या गोळ्या केल्या की तो दाणा. आणि खाली उरते ती भुकटी. वेगवेगळ्या पेट्या ताडपत्रीवर ओतायच्या, लाकडी फावड्याने कालवायच्या आणि आपल्या गिऱ्हाइकाला आवडेल तसा चहा जमवायचा, हे आमचं काम. कोळसा खाणीवरच्या कँटीनला असा चहा हवा की दुधात पडला तरी काळोख व्हावा. सिरोंच्याचे दुकानदार भुकटी मागतात. तिकडे ती कापडाच्या पिशवीत घालून वरून आधण ओततात, आणि पसंती तेलुगूत सांगतात. मला ती भाषा येत नाही, पण दुसरा कप मागितला की सौदा झाला हे मी ओळखतो.

मूलच्या बाजारात एक आजी आमचं जुनं गिऱ्हाईक होत्या. एकदा त्या पदरात बांधून उकळलेला चोथा घेऊन आल्या. चोथा उन्हात छान वाळवलेला होता.

"हे पाय बाबू. पयले तुमची पत्ती वाळवली का दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग देये. आता हा दाना एका दिवसातच मरते. मरकं सामान काऊन विकता?"

मी त्यांना समजावलं की दाण्याचा गुणच तो. जे काही द्यायचं ते पहिल्याच उकळीला देऊन टाकतो. आजी म्हणाल्या, "मंग तो चाय नोहे, उधळ्या जावई होय." आणि तरीही अर्धा पाव घेऊन गेल्या.

आजी ज्याची तक्रार घेऊन आल्या होत्या, म्हणजे पत्ती जाऊन दाणा येणं, तेच तेव्हा सगळ्या जगात चाललं होतं, पण हे मला नंतर कळलं. आपल्याकडे दूध-साखर घालून उकळून पितात, त्याला दाणा बरा. चिमूटभरात कप भरतो. त्यामुळे मळेवाले यंत्रं बसवून दाणाच करू लागले. जी थोडी पत्ती निघायची ती बाहेरदेशी जायची, विशेषतः रशियाला. तिकडे बिनदुधाचा चहा पितात. सेठ पेटी उघडताना म्हणायचे, "समझा क्या, कॉलेज? मॉस्को में बर्फ गिरती है, अन् आपल्या आलापल्लीत चहा महाग होतो."

मी हे वाक्य अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिलं. सरांनी त्याच्याखाली लाल रेघ मारली.

तर त्या हिवाळ्यात असं झालं की पत्तीच्या पेट्या आल्याच नाहीत. आला तो सगळा दाणा. सेठनी त्याचंच मिश्रण केलं, नेहमीच्या पुड्यांत भरलं, आणि मी व नामदेवभाऊ मॅटाडोर घेऊन लाईनवर निघालो. लाईन म्हणजे आमचा ठरलेला बाजारांचा रस्ता: मूल, गडचिरोली, चामोर्शी, आणि तिथून पुढे जंगलातले आठवडी बाजार. नामदेवभाऊ आमचे ड्रायव्हर. त्यांच्या मते गाडी त्यांच्या आवाजाला घाबरून चालते, म्हणून ते रस्ताभर बोलत असतात.

पुढच्या खेपेला आम्ही एटापल्लीकडच्या एका बाजारात पोचलो तेव्हा गाडीभोवती माणसं आधीच उभी होती. मला वाटलं, गिऱ्हाईक वाढलं. प्रत्येकाच्या हातात आमची अर्धी वापरलेली पुडी होती.

"परत घ्या जी," एकजण म्हणाला. "तुमच्या शेठनं यात झाडाची साल कुटून टाकली."

"काढा आहे काढा," दुसरा म्हणाला. "लेकराले पाजला तं लेकरू दिवसभर तोंड वाकडं करून बसलं."

तिथली माणसं काळाच चहा पितात. गाई आहेत, पण दूध काढत नाहीत, ते वासराचं. आणि दाणा दुधासाठीच जन्माला आलेला. मला वाटलं, हे समजावून सांगण्यासारखं आहे. मला वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं होतं. मी मॅटाडोरच्या फळीवर चढलो आणि चांगलं भाषण केलं: काळ बदलतो, चहा बदलतो, आता जुन्या पद्धतीने उकळत ठेवू नका, पाण्याला उकळी आली की दाणा टाका, लगेच उतरवा, गाळा आणि प्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोणी हसलं नाही. शेवटी मडावी दादांनी हात वर केला. हे एका आतल्या गावचे म्हातारे गृहस्थ. दर बाजाराला आमच्याकडून सगळ्या गावासाठी माल न्यायचे.

"पोरा, तू म्हणतेस तसा उतरवला," ते म्हणाले. "मंग पावना आला तं?"

"पुन्हा ठेवायचा, दादा."

"अन् तोवर त्यानं का कराव? आंगनात उभं राहून आमचा धूर पाहाव?"

मग मात्र सगळे हसले. दादा रागावलेले नव्हते. त्यांनी मला नीट सांगितलं. त्यांच्याकडे सकाळी चहाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढतो तो संध्याकाळीच उतरतो. आच मंद, पाणी कमी झालं की वाढवायचं. जंगलातून चालत कोण कधी येईल ते काही ठरलेलं नसतं. आला की त्याला बसायच्या आधी चहा मिळाला पाहिजे. पावण्यासाठी चूल पेटवावी लागली तर घराची लाज जाते.

"पत्ती दिवसभर चुलीवर ऱ्हाये," दादा म्हणाले. "काही बोले नाई. हा दाना दुपारपासून भांडाले लागते."

परतीच्या रस्त्यावर नामदेवभाऊ गप्प होते, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शेठले सांगजो, दूध पाह्यजे तं वासराले इचारून ये म्हनावं."

सेठनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. परत आलेल्या पुड्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. "पत्ती मी कुठून आणू? रशियावाला तुझ्या मडावीसाठी आपला कप सोडील?" ते म्हणाले. "मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत बघू. तिथे जंगलातली सगळी गावं उतरतात. जत्रेत माल चालला तर ठीक. नाही चालला तर पुढची लाईन बंद. मॅटाडोर मी तशीही विकणारच होतो."

लाईन बंद म्हणजे माझं काम बंद. दुकानात बसवायला सेठकडे त्यांचे पुतणे होते. आणि काम गेलं की चंद्रपूरची खोली जाणार, खोली गेली की कॉलेज. बाबा म्हणाले असते, "पाहू काहीतरी," आणि त्यांच्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं. त्या आठवड्यात मी वर्गात बसायचो, पण फळ्यावर मला तो गंजच दिसायचा.

एक दिवस माळ्यावरून रिकाम्या पेट्या काढताना कोपऱ्यातल्या पेट्या हलेनात. उघडून पाहिलं तर आत चाळणीत उरलेला माल होता. आधीच्या वर्षांत पत्तीची प्रत्येक पेटी आम्ही चाळायचो. चाळणीवर जो जाड पाला आणि ज्या काड्या उरायच्या त्या शहरातलं गिऱ्हाईक घेत नसे. सेठ काही टाकत नाहीत, म्हणून ते सगळं पेट्यांत बंद करून वर चढवलेलं. त्यातलं थोडं सेठाणीबाई अधूनमधून गुलाबाच्या कुंड्यांना घालायच्या.

मी मूठभर नाकाशी नेलं आणि मला एकदम आमच्या वस्तीतलं बुद्धविहार आठवलं. वंदनेनंतर तिथे मोठ्या गंजात चहा व्हायचा. सगळ्यात स्वस्त, काड्यांचा. सकाळी ठेवलेला तो गंज भाषणं संपेपर्यंत चुलीवर असायचा, आणि भाषणं लवकर संपत नसत. लहानपणी मी तो शेवटचा चहासुद्धा प्यायलो होतो. तो कडू नव्हता.

सेठना सांगितलं तर ते म्हणाले, "गुलाबाचं खत जत्रेत विकणार?" पण नाही म्हणाले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीवर गंज चढला. ठरलं असं की दुकान उघडताना चढवायचा, बंद करताना उतरवायचा, आणि मधे जो येईल त्यानं प्यायचा. पहिल्या दिवशी नुसत्या काड्या टाकल्या. नामदेवभाऊंनी एक घोट घेतला. "याले नुसती चायची बातमी सांगितली दिसते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी रंगासाठी दाणा मिसळला. दुपारी छान होता, संध्याकाळी भांडायला लागला. मग दाणा कमी केला. मग आणखी कमी. वसुलीला आलेले, पत्ता विचारायला आलेले, सेठचे व्याही, सगळ्यांना तो चहा प्यावा लागला. सेठ थुंकायचे, पण दिवसभरात इतके वेळा चाखून त्यांचीही झोप उडाली. शेवटी एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्यांनी गंजाच्या तळाचा चहा चमच्यात घेतला, फुर्रकन ओढला, गालात खेळवला आणि पिकदाणीकडे वळले. मग थांबले आणि गिळून टाकला.

"ठीक है," म्हणाले. "भर गाडी."

मार्कंड्याला वैनगंगेच्या वाटेवर जाईबाईंचं दुकान लागतं. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि जमिनीत खणलेली लांब चूल. त्या वर्षानुवर्षं आमचाच माल घेतात आणि आमच्यावरच ओरडतात. त्यांच्या समोरच त्या वर्षी पाकिटबंद चहावाल्या एका कंपनीची गाडी उभी होती. कर्ण्यावर गाणी, रंगीत कागद, आणि प्रत्येकाला दूध घालून फुकट चहा.

"पाय," जाईबाई मला म्हणाल्या, "तिथी फुकट देऊन राह्यले, अन् तू मले गुलाबाचं खत आणून देतेस. मी तुयं का बिघडवलं होतं?" गुलाबाची गोष्ट नामदेवभाऊंनी आधीच सांगून टाकली होती.

सकाळी मडावी दादा आले, सोबत त्यांचं अख्खं गाव. "जोहार," मी म्हणालो. त्यांनी जोहार केला, आमच्या गंजाकडे पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन समोर फुकट चहा प्यायला गेले. त्यांचं चूक नव्हतं. कोणी प्रेमानं देत असेल तर नाही का म्हणावं? तरी माझं तोंड उतरलं. मग दादा एकटे परत आले, आमच्याकडचा एक कप घेतला, उभ्यानं प्यायले, पैसे ठेवले आणि काही न बोलता नदीकडे गेले.

"का बोलले?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग बरं नाई."

उन्हं चढली. कर्ण्यावरचं गाणं तेच तेच वाजत होतं. जाईबाई गंजात पाणी वाढवत होत्या, मी आच सांभाळत होतो, आणि गिऱ्हाईक तुरळक. दुपार कलल्यावर समोरच्या गाडीचं दूध संपलं. आता गर्दी इकडे येईल असं मला वाटलं, पण लोक रसवंतीकडे गेले.

दादा परत आले ते अगदी उशिरा, सावल्या लांबल्यावर. "सकाळचाच गंज का?" त्यांनी जाईबाईंना विचारलं.

"सकाळचाच, भाऊ. हा पोट्टा उतरवूच देत नाई."

त्यांनी कप घेतला. या वेळी ते खाली बसले. मी दुसरीकडे पाहत होतो, कारण त्यांच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती. एवढं ऐकू आलं की ते हळूहळू पीत आहेत.

"हा थांबते. भांडत नाई," दादा म्हणाले.

मग उठून त्यांनी नदीकडे तोंड करून गोंडीत जोरात हाक मारली. ती मला समजली नाही, पण वाळूवरची सगळी माणसं वर येऊ लागली. जाईबाईंचे कप पुरेनात. नामदेवभाऊ बाही वर करून कप धुवायला बसले आणि म्हणाले, "ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं बाप्पा मले!" दादांनी जाताना सगळ्या गावासाठी पुड्या नेल्या, आणि त्यांचं पाहून बाकीच्या गावांनीही.

माळ्यावरच्या पेट्या लवकरच संपल्या. सेठनी कलकत्त्याच्या दलालाला तार करून काड्यांची नि जाड पाल्याची मागणी केली, तेव्हा त्याचा खास ट्रंक कॉल आला. लिहिण्यात चूक तर झाली नाही ना, तब्येत बरी आहे ना, असं तो विचारत होता. जगात ज्याला कोणी घेईना तो माल आमच्या लाईनवर चालतो, हे त्याला पटायला वेळ लागला. मॅटाडोर अजून विकलेली नाही. मी अजून कॉलेजात आहे.

हे कायम चालेल असं मी म्हणत नाही. पत्तीच झाली नाही तर काड्या कुठून उरतील? आलापल्लीच्या दुकानांत रंगीत पाकिटं लटकायला लागली आहेत. मूलच्या आजी आता बाजारात दिसत नाहीत, आणि त्यांना काड्यांचा चहा दोनदा रंग देतो हे सांगायचं राहूनच गेलं.

या उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर लाईनवर असताना नाल्याजवळ गाडी बिघडली. नामदेवभाऊ बॉनेटमध्ये शिरले आणि मला म्हणाले, "तू जा, मडावीचं गाव इथून पायवाटेनं आहे. पाणी घेऊन ये." मी भरदुपारी पोचलो. मी येणार हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दादा अंगणात दोरी वळत बसले होते. मी जोहार म्हणेपर्यंत त्यांच्या सुनेनं माझ्या हातात कप दिला होता. तसाच कप दादांच्या शेजारी ठेवलेला होता.

मी तोंडात घोट घेतला. सवयीनं फुर्रकन आवाज झाला, गाल फुगले, चहा आत फिरला. पोरं खिदळायला लागली. मी आजूबाजूला पाहिलं. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, कुठे पिकदाणी नाही.

"का झालं?" दादांनी विचारलं. "पटला नाई?"

मी पिऊन टाकला आणि कप पुढे केला. दादांच्या सुनेनं चुलीकडे न पाहताच गंजावरचं झाकण सरकवलं.